सील न तोडलेल्या दोन बाटल्या

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी मला कळलं, की माझ्या थोरल्या भावानं थायरॉइडची एकही गोळी घेतलेली नाही. त्याच सकाळी कोल्हापुरात डॉक्टरांनी त्याचा डोस दुसऱ्यांदा वाढवला होता.

भाऊ हुपरीत घरीच चांदीची पैंजणं झाळतो, म्हणजे त्यांचे सांधे तापवून जोडतो. चार वर्षांपासून त्याला किडनीचा विकार आहे. गेल्या पावसाळ्यानंतर चेहरा सुजला, ऊन असतानाही थंडी वाजू लागली, हात मंदावला. किडनीमुळंच असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो. तपासणीत थायरॉइड मंद निघालं, कोलेस्टेरॉल वाढलेलं. किडनीच्या रोग्यांत दोन्ही बऱ्याचदा सोबत येतात आणि भार हृदयावर पडतो, असं डॉक्टर म्हणाले. दोन्ही आटोक्यात आल्याशिवाय किडनी बदलायचं ऑपरेशन होणार नव्हतं.

किडनी वहिनी देणार होती. तिचा होकार दिवाळीत, तिच्या माहेरच्यांसमोर घेतला होता. प्रश्न मी विचारला होता. ती "देते की" म्हणाली आणि मी लगेच पेढे वाटले. लग्न ठरल्यासारखं सगळ्यांनी ते तोंडात टाकले.

गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या आणि मी रोज सकाळी सहाला वहिनीला फोन करायचो. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहाआधी अर्धा तास घ्यायची असते.

"घेतली का?"

"घेतली की भावजी. समोर बसून गिळाय लावली."

डॉक्टर दर वेळी विचारायचे, गोळी रोज चालू आहे ना? उत्तर मीच द्यायचो. भाऊ शेजारी बसून भिंतीवरचं कॅलेंडर बघायचा. माझ्या उत्तरावर डोस एकदा वाढला, मग पुन्हा वाढला. मी कोल्हापुरात पत्रकार आहे; बातमी छापायची तर मी दोन ठिकाणी खात्री करतो. इथं एकाच ठिकाणी केली होती.

भाऊ तपासून लगेच घरी परतला होता; त्या दुपारी नवी बाटली विकत घेऊन ती द्यायला मी हुपरीला गेलो. डोसांची गल्लत नको, म्हणून जुन्या परत मागितल्या. वहिनी चुलीकडं वळली. भावानं घुंगरांचा पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि त्यातून दोन बाटल्या काढल्या. दोन्हींचं सील शाबूत होतं. खाली कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, एकही गोळी न काढलेल्या.

"तिच्यावर चिडू नगंस," तो म्हणाला. "मीच सांगितलंतं तिला."

"का?"

"रिपोर्ट बरा आला की तारीख देत्यात."

"मग?"

"मग तिला कापत्यात. रातभर झोपत न्हाय ती. पेढं वाटल्यावर न्हाय कसं म्हणायचं बाईनं?"

वहिनी अजून पाठमोरीच होती. मी तिला विचारलं, रोज खोटं का सांगितलंस?

"खरं सांगितलं असतं तर तुमी परत बैठक बोलवली असती," ती म्हणाली. मग वळली. "आन् भावजी, किडन्या तुमच्याकडं बी दोन हाईत की. एवढ्या बैठकीत कुणी इचारलं तुमाला?"

माझा रक्तगट आजवर तपासलेला नाही. तसं मी सांगितलं. ती हसली नाही. तिनं चहा ठेवला आणि मी तो न घेताच कोल्हापूरची एसटी धरली. दोघांनी मिळून तीन महिने मला फसवलं होतं आणि तेच मी डॉक्टरांना खरं म्हणून सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना भेटलो, घेतली नाही एवढं सांगितलं. त्यांनी वाढवलेले दोन्ही डोस रद्द केले आणि पहिल्या डोसापासून सुरुवात करायला सांगितली. कारण विचारायला ते वहिनीशी एकांतात बोलले. आठवड्याभरात तिनं आपला होकार लेखी मागं घेतला.

भावानं गोळी सुरू केली. एप्रिलच्या तपासणीत थायरॉइड बरंच सुधारलं होतं, कोलेस्टेरॉलही उतरलं होतं. किडनीदाता म्हणून अजून कुणाचंच नाव नोंदवलेलं नाही. सकाळचा फोन मी बंद केला आहे.