सेलिमेनने अर्धं सोडलेलं डोकं

आमच्या सावान-पित गावात सेलिमेनइतकं कमी बोलणारं कुणी नव्हतं आणि माझ्याइतकं जास्त बोलणारंही. दोघांच्या मध्ये फक्त निवडुंगाचं कुंपण. माझ्या धाकटीची ती धर्ममाता, म्हणून ती मला 'कोंपे' म्हणायची आणि मी तिला 'कोमे'; भांडतानासुद्धा.

तिचं काम वेण्या घालायचं. आंब्याखाली खुर्ची, गुडघ्यांत गिऱ्हाइकाचं डोकं, शेजारी एरंडेलाची बाटली. नवऱ्या मुली, पहिल्या ख्रिस्तप्रसादाला निघालेल्या पोरी, शवपेटीत ठेवायच्या म्हाताऱ्यासुद्धा तिनेच विंचरल्या. हातात घेतलेलं डोकं पुरं केल्याशिवाय ती उठत नसे. पुराच्या वर्षी तिने माझ्या बायकोला टेबलावर बसवलं आणि स्वतः घोटाभर पाण्यात उभी राहून शेवटची वेणी घातली. बायको म्हणाली, "अगं, मी बुडेन." सेलिमेन म्हणाली, "बुडालीस तरी नीटनेटकी दिसशील."

मग पुलावर एक टोळी येऊन बसली. स्वतःला 'बिनझोपे' म्हणवतात. उठतात दुपारी बाराला. भाताच्या गोणी अडवतात, माणसं उचलून नेतात. वरच्या अंगाची दोन गावं त्यांनी पेट्रोल ओतून जाळली. त्यांचा जनरल विल्नोर. लहानपणी त्याला मी माझ्या उसातून कान धरून बाहेर काढलेला आहे, पण हे मी हल्ली कुणाला सांगत नाही. तर हा जनरल दर दुसऱ्या शनिवारी सेलिमेनपुढे डोकं देऊन बसायला लागला, बंदूक आंब्याला टेकवून.

ती नाही कशी म्हणणार, हे मला आता सुचतं. तेव्हा मी कालव्यावर सांगून आलो, "आमची कोमे जनरलीणबाई झाली हो." लोक हसले. मग हसायचे थांबले, आणि तिच्याकडे जायचेही थांबले.

"कोंपे, कालव्यावर काय बोललास?" तिने कुंपणावरून विचारलं.

"गंमत केली गं."

"बरं," म्हणाली आणि आत गेली. शिवी घातली असती तर हलकं वाटलं असतं.

एका मंगळवारी विल्नोर वार सोडून आला. तोही सकाळी. बरोबर चार पोरं आणि पिवळे डबे. असल्या डब्यांतून आम्ही पाणीही आणतो, पण हा वास पाण्याचा नव्हता. मी कुंपणाशी शेळीला चारा घालत होतो. म्हणजे शेळीचं पोट कधीच भरलं होतं, तरी मी घालत होतो.

"घट्ट घाल," विल्नोर म्हणाला. "चार वाजता काम आहे. व्हिडिओ काढायचाय."

"कुठे काम?"

"इथेच. तू आईला घेऊन दुपारीच सें-मार्कला नीघ. कुणाला बोललीस तर म्हातारी इथेच राहील, कायमची."

सेलिमेनने भांग पाडला, तेल लावलं, विणायला लागली. मला पळावं की ऐकावं सुचेना, म्हणून मी चाराच घालत राहिलो. अर्धं डोकं झालं आणि ती थांबली.

"काय गं?"

"बोटं वळत नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे वळत नाहीत. उद्या ये."

त्याने आरसा मागितला. डावीकडे नांगरलेलं शेत, उजवीकडे फाटलेली उशी. त्याच्याच एका पोराला हसू फुटलं, ते त्याने खोकून गिळलं. विल्नोरने तिचा हात ओढून एकेक बोट दाबून पाहिलं. खेकड्याच्या नांगीसारखी आखडली होती. शेवटी त्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. "उद्या सकाळी पुरं करायचं. तोवर कुठे हलू नकोस." असल्या डोक्याने जनरल व्हिडिओत कसा उभा राहणार? डबे आले तसे परत गेले.

धूळ बसल्यावर ती कुंपणाशी आली. "कोंपे, एवढं तोंड दिलंय देवाने. आज कामाला लाव."

"तुझं नाव सांगू?"

"माझं नाव तू आधीच भरपूर सांगितलंयस."

मी धावलो. लोक म्हणाले, ही ओर्विलची, म्हणजे माझी, नवी गंमत. गेल्या वर्षी मंत्री येणार अशी थाप मारून मी सगळ्यांकडून रस्ता झाडून घेतला होता, ते कुणी विसरलं नव्हतं. शेवटी मी माझ्याच घराचा पत्रा उतरवायला लागलो, तेव्हा कुठे पटलं. चारच्या आत दोनशे माणसं भातातून, बांधाबांधाने बाहेर पडली. सेलिमेनची आई माझ्या ढकलगाडीत, वाटभर मला गाडी कशी ढकलायची ते शिकवत.

सें-मार्क शहरातल्या एका शाळेत आम्ही वर्गात अठ्ठेचाळीस जण. तिथे बातमी आली, दुसऱ्या दिवशी गाव जाळलं, एक घर सोडून. सेलिमेनचं.

झालं. निम्मा वर्ग म्हणे, तिने वाचवलं. भातवाली मेर्सिल्या, जिचं नवंकोरं घर गेलं, ती म्हणे, "मग हिचंच कसं उभं राहिलं? ओर्विल, तू होतास ना कुंपणाशी?" होतो. सगळं पाहिलं, आणि मला काही म्हणजे काही सांगता येईना.

"कोमे," मी हळूच विचारलं, "बोटं खरंच आखडली, की तू आखडवलीस?"

तिने स्वतःचा हात परक्याचा असावा तसा पाहिला. "वाटलं, थांबावं. पाहते तर थांबलेलीच. आधी कुठलं झालं, कोण जाणे."

"मग लोकांना काय सांगू?"

"तू कधीपासून विचारून सांगायला लागलास?"

तिच्यापुढे कुणी डोकं घेऊन बसेना. वर्गात तेरा बायका, सगळ्यांच्या केसांच्या झिंज्या, आणि तिची फणी पिशवीत. तिला वाळीत टाकायची सुरुवात कालव्यावर कुणी केली, ते मला ठाऊक होतं. रविवारी सगळ्यांदेखत मीच तिच्या गुडघ्यांशी जाऊन बसलो. माझ्या डोक्यावर केस म्हणजे कानामागे थोडे आणि मानेवर थोडे.

"इथे काय विणू, कोंपे?"

"सापडेल ते."

बोटं दोनदा घसरली, मग बसली. किती वेण्या झाल्या मला दिसत नव्हतं. बायका बघत होत्या. थोड्या वेळाने माझी बायको येऊन मागे बसली. तिच्यामागे मेर्सिल्या.

"काय मग," मी तिला विचारलं, "ही आपली की त्यांची?"

"मला काय ठाऊक," मेर्सिल्या म्हणाली. "तू आटप. डोकं नुसतं खाजतंय."