बघ्यांसमोर प्रामाणिक राहणारा मासा

अंदमानच्या उथळ समुद्रात, तोंडावर काचेचा मुखवटा चढवून पालथा तरंगत असताना, मी आयुष्यात प्रथमच शिस्तबद्ध रांग पाहिली. प्रवाळाच्या उंचवट्याशी बोटभर लांबीचा, निळ्या अंगावर काळा पट्टा असलेला एक मासा होता आणि त्याच्यापुढे मोठमोठे मासे जबडे उघडून आपापल्या पाळीची वाट पाहत होते. तो निर्धास्तपणे त्या जबड्यांत शिरे, आतले किडे वेचून खाई आणि सुखरूप बाहेर येई. एकदा मात्र त्याने किडा सोडून गिऱ्हाइकालाच चावा घेतला. गिऱ्हाईक दचकले आणि त्याच्या अंगावर धावून गेले.

"किड्यांपेक्षा त्याला कातडीवरचा बुळबुळीत थर जास्त आवडतो," प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या मुलीने होडीत सांगितले. "पण आणखी मासे बघत असले की तो लबाडी आवरतो. नाहीतर ते निघून जातील ना!"

हे ज्ञान घेऊन मी कर्जतला परतलो. कडावच्या वडिलोपार्जित शेतावर माझ्या पत्नीची वारस म्हणून नोंद व्हायची होती. तिच्या भावांची संमती होती, कागदपत्रे परिपूर्ण होती. अडले होते ते महसूल कार्यालयातील एका कारकुनापाशी. कलमांच्या उल्लेखांसह मी अकरा पत्रे दिली होती आणि प्रत्येकाची पोच घेतली होती.

"मला बाबांच्या जमिनीवर माझं नाव बघायचंय," पत्नी म्हणाली. "तुमच्या पोचा नाही."

तेव्हा मी लेखणी आवरली आणि रोज अकरा ते एक कारकुनासमोरच्या बाकावर बसून केवळ पाहू लागलो. परिणाम तत्काळ झाला. डोंगरातल्या वाडीवरून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या एका म्हातारीला त्याने चक्क खुर्ची दिली.

"बाबा, उद्याबी या," ती जाताना मला म्हणाली. "तुमी बसलात का हा मानूस गोड बोलतो."

शुक्रवारी सर्वांची कामे उरकली. खोलीत आम्ही दोघेच उरलो. मी पुढे झालो.

"काका, संमतीपत्राची मूळ प्रत नाय यात."

"ती आपल्याकडेच जमा आहे. ही पोच."

"पोच हाय, प्रत नाय. लिहा की अजून एक पत्र. अक्षर छान हाय तुमचं."

तडक बाहेर येऊन मी मुलीला फोन लावला. ती हसतच सुटली.

"बाबा, एक सांगायचं राहिलं. काही मासे लहान गिऱ्हाइकांची मुद्दाम छान सेवा करतात. ते बघून मोठा मासा भुलून जवळ आला, की त्याला चावतात."

"म्हणजे मी मोठा मासा?"

"अकरा पत्रं लिहिलीत की त्याला!"

पत्नीने हे सारे ऐकले. सोमवारी ती कोथिंबिरीच्या दोन जुड्या घेऊन माझ्याबरोबर आली. मला टेबलापाशी उभे करून स्वतः बाकावर बसली आणि निवडता निवडता कारकुनाकडे पाहत राहिली. एक जुडी संपेपर्यंत मूळ प्रत सापडली.

"सापडली ना? बरं झालं," ती म्हणाली. "नोंद होईपर्यंत येत जाईन मी. घरी तरी कुठे बसायला वेळ मिळतो!"

नोटिशीची कायदेशीर मुदत संपली आणि नोंद मंजूर झाली. सातबारा हातात पडताच तिने स्वतःच्या नावावर बोट ठेवून ते मोठ्याने वाचले; बाकावरच्या अनोळखी माणसांनाही दाखवले. मी तोवर विलंबाचा खुलासा मागणारे बारावे पत्र लिहायला कोरा फुलस्केप काढला होता. तिने तो माझ्या हातातून घेतला, सातबारा चुरगळू नये म्हणून त्यात नीट गुंडाळला आणि कडावला जाणारी रिक्षा गाठायला निघाली.