मल्लूचा आठवडा

मल्लिनाथ गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर उघडत होतो. ते तसंच अर्धवट सोडलं आणि पायीच निघालो, कारण तो त्याचा आठवडा होता आणि गाडी त्याच्या दारात होती. आम्हा दोघा मित्रांत मिळून एकच गाडी, हे अख्ख्या ढोकीला ठाऊक होतं. एक आठवडा माझा, एक मल्लूचा. रविवारी सकाळी किल्ली द्यायची, चहा प्यायचा आणि गाडीवरून भांडायचं. भागीत घेतलेली म्हैस टिकत नाही, तुमची गाडी कशी टिकली, असं लोक विचारायचे. मला वाटतं, भांडत होतो म्हणूनच टिकली.

गाडी आमच्याकडे आली तीच उतारवयात. विकणारा शपथेवर सांगत होता की हिला फुलासारखी जपली आहे, विकणारे सांगतातच. मल्लू बुटका आणि मी ताडमाड, त्यामुळे दर रविवारी सीटवरून वाद. त्याने पुढे ओढलेली सीट मागे ढकलताना मी म्हणायचो, "स्टेअरिंगला मिठी मारून चालवतूस का काय?" तो म्हणायचा, "तू तर मागच्या सीटवर बसूनच चालवतूस." त्याचं पेंडीचं दुकान होतं, पण गाडी त्याला हवी होती ती आईसाठी. त्याची आई नळदुर्गला, थोरल्या भावाकडे. आपल्या आठवड्यात तो तिला भेटून यायचाच. घरात ते कानडी बोलत, आणि गाडीशीही तो कानडीतच बोलायचा. किल्ली फिरवताना म्हणायचा, "बा तायी, बा." ये आई, ये.

एका उन्हाळ्यात तो किल्ली द्यायला आला तो कुरकुरतच. "दिगा, क्लच लई जड झालाय. सकाळी न्हाय, पर तुळजापूरच्या पुढं गेलं की दगड." मी दाबून पाहिला तर मऊ. आमचे सलीममिस्त्री म्हणाले, "थंड गाडी काय बोलती? तापल्यावर आणा." मग मल्लूने भर दुपारी गाडी लांबवर फिरवून तापलेलीच त्यांच्यापुढे उभी केली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, क्लचची केबल खालच्या टोकाला सोडली आणि मला पेडल दाबायला लावलं. टोक मोकळं असूनही पेडल रखडत होतं. म्हणजे दोष केबलचाच. तिचं वरचं वेष्टण सायलेन्सरच्या नळीला टेकून वितळलं होतं. तापलं की आतली तार अडकायची. नवी केबल लांबून फिरवून बसवली आणि पेडल लोण्यासारखं झालं. मल्लूने गावभर सांगितलं की रोग त्यानेच ओळखला.

हे सगळं सांगतोय, कारण त्या दुरुस्तीनेच आमचा घात केला. पुढच्या वर्षी तो पुन्हा म्हणू लागला, क्लच जड होतोय. कधी होतो, कधी नाही. माझ्या आठवड्यात मात्र कधीच नाही. मी जवळपास फिरणारा, तो लांब जाणारा. तेव्हा गाडी तापत असणार, केबल पुन्हा कुठेतरी टेकत असणार, हे आम्हाला पटलं. मिस्त्रींनी पुन्हा सगळं तपासलं, पेडलच्या खिळीला ग्रीस लावलं. मी चिडवायचो, "गाडीसुद्धा माणूस बघून वागती." तोही हसायचा. सीट तेवढी दर रविवारी आणखी पुढे आलेली असायची. पाय पुरत न्हाय, म्हणायचा.

मग एकदा त्याच्या आईला बघायला दोघे मिळून गेलो. परतताना तुळजापूरचा घाट लागला आणि त्याने गाडी कडेला घेतली. "बघ. आता बघ, कसा दगड झालाय." इंजिन चांगलंच तापलं होतं. आम्ही जागा बदलल्या. मी क्लच दाबला...

लोण्यासारखा.

पुन्हा दाबला. मल्लू माझ्या पायाकडे बघत होता. मागून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. मग त्याची नजर हळूहळू स्वतःच्या डाव्या पायावर आली. त्याने मांडीवर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मग गाडी बरी हाय की रं." घरापर्यंत गाडी मीच चालवली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी कण्यातली गाठ दाखवली. लवकर आला असता तरी फार फरक पडला नसता, असं ते म्हणाले. ते खरं, की आम्हाला बरं वाटावं म्हणून, देव जाणे. ऑपरेशन झालं, पाय लुळा पडला, मग दुसराही. तरी वाटणी मोडली नाही. त्याचा आठवडा लागला की मी गाडी त्याच्या दारात लावून पायी परतायचो. शेवटच्या रविवारी त्याने हट्ट धरला, मला गाडीत बसवा. वहिनींनी आणि मी त्याला उचलून बसवलं. त्याने सीट पार पुढे घ्यायला लावली, दोन्ही हातांनी डावा पाय धरून पेडलवर ठेवला आणि डोळे मिटले. कपाळाला घाम आला. पेडल हललं नाही.

"लई जड हाय रं, दिगा."

"व्हय," मी म्हणालो. "केबलच गेली असंल. सलीमभाईला दाखवू."

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "दाखव. पर तुझ्या आठवड्यात दाखव. माझ्या आठवड्यात मला नळदुर्गला जायाचंय."

त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्याला बसवून नेलं. मांडी घातलेली, गळ्यात हार. तो डावा पाय कुणीतरी अलगद दुमडून दिला होता. मला तेवढाच दिसत राहिला.

दिवस-कार्य उरकेपर्यंत गाडीला कुणी हात लावला नाही. मग एका रविवारी वहिनींनी चहा दिला, किल्ली दिली. म्हणाल्या, "घेऊन जावा, भाऊजी. तुमचा आठवडा कवाच लागलाय." बसलो तर गुडघे स्टेअरिंगला टेकले. सीट त्याने ठेवली तशीच होती. सवयीने हात सीटखालच्या दांड्याकडे गेला... आणि तिथंच थांबला. तसाच अवघडून बसलो. "बा तायी, बा," म्हटलं, किल्ली फिरवली आणि क्लच दाबला.

पहिल्यांदाच मला तो जड लागला.