हातमीटरचा हात

बोटींच्या इंजिनांचा तो मिस्त्री. पण धक्क्यावर त्याला मिस्त्री कुणी म्हणत नसे. सगळे म्हणायचे, हातमीटर. इंजिन तापतंय अशी तक्रार आली की हा आधी पान्याला हात लावायचा नाही. इंजिन चालू करायला सांगायचा, तळहात पँटला पुसायचा आणि इंजिनाच्या अंगावर टेकवायचा. हात तिथं ठरला, तर इंजिन ठणठणीत. आपोआप मागे आला, तर थंड पाण्याची वाट कुठेतरी तुंबलेली.

तेल गळत असलं तर तऱ्हा वेगळी. इंजिन धुऊनपुसून कोरडं करायचं आणि वर टाल्कम पावडर भुरभुरायची. जिथं पावडर आधी काळवंडेल, तिथून गळती. बायकोचे डबेच्या डबे यात संपायचे. "माझ्यापेक्षा तुमची इंजिनंच जास्त नटतात," असं ती म्हणायची, आणि तो खूश व्हायचा.

खूश व्हायचा म्हणजे काय, चढून बसला होता! अख्ख्या धक्क्याने त्याला डोक्यावर घेतलं होतं. इतकी वर्षं तापलेल्या लोखंडावर तळहात टेकवून टेकवून हाताची कातडी चामड्यासारखी झाली होती. घरी चुलीवरचं भांडं तो फडक्याशिवाय उचलायचा. सगळे हसायचे, तोही हसायचा. एकदा तळहातावर टरारून फोड आला आणि तो कशाने आला हेच याला सांगता येईना. तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुम्हाला चटका कळत नाहीये. दाखवा कुणाला तरी."

"तुझं आपलं काहीतरीच!" एवढं बोलून तो जेवायला बसला. त्या वर्षी धक्क्यावरची जवळजवळ सगळीच इंजिनं त्याला ठणठणीत सापडत होती. त्याचंही त्याला नवल वाटलं नाही.

धाकट्या भावाची एक बोट होती, माणसं पलीकडच्या काठाला नेणारी. त्याचं घर चालायचं ते तिच्यावरच. एका सकाळी तो दादाला बोलवायला आला. "दादा, तेल गळतंय. आणि इंजिन किती तापलंय ते दाखवणारा तो नवा मीटर बसवलाय ना, त्याचा काटा सारखा लाल पट्ट्यात जातोय."

मीटरचं नाव काढताच दादाच्या कपाळावर आठी. याला न विचारता बसवला होता ना तो! तरी तो गेला. पावडर टाकली, गळती शोधली, सांध्यातलं पॅकिंग बदललं. काम चोख, तिथं बोट ठेवायला जागा नाही. जुनं पॅकिंग मात्र करपून कडक झालं होतं. असं पॅकिंग उष्णतेनेच जातं, हे त्यानेच दहाजणांना शिकवलेलं. मग त्याने इंजिनावर तळहात ठेवला. हात ठरला.

"कोमट आहे," तो म्हणाला.

"पण दादा, काटा..."

"काटा खोटा बोलतोय. तुला माझ्यापेक्षा तो डबा शहाणा वाटतो का रे? लहानपणी तुझा ताप कोण बघायचं, काटा की मी?"

धाकटा ओशाळून हसला. दादापुढे त्याची जीभ कधी उचललीच नव्हती. दादाने मीटरची वायर ओढून काढली आणि खिशात घातली.

दुपारी बोट रिकामी परत येत होती, तेवढंच नशीब. इंजिनाचा आवाज बदलला म्हणून धाकट्याने झाकण उचललं आणि त्याच क्षणी रबरी नळी फुटली. उकळतं पाणी मानेवर, छातीवर. इंजिन कायमचं जाम झालं. दुसऱ्या बोटीने ओढत आणलं, तेव्हा तो ओरडायच्याही पलीकडे गेला होता.

"नळी जुनी होती," हातमीटर भेटेल त्याला सांगत सुटला. "नळीला मी काय करणार?" लोक मान डोलवायचे आणि आपली बोट दुसऱ्या मिस्त्रीकडे न्यायचे.

धाकट्याला इस्पितळातून घरी आणलं, त्या दिवशी दोघं नवराबायको त्याला बघायला गेली. भावजयीने दुसरीकडे बघतच पाणी दिलं. धाकटा मात्र दादाला बघून कसनुसा हसला. "दादा, मघापासून थंडी वाजतेय. ताप आहे का बघ ना."

कसला हा जीव! एवढं होऊनही त्याने कपाळ पुढे केलं. दादाने तळहात पँटला पुसला आणि त्याच्या कपाळावर ठेवला.

"ताप नाही रे. कोमट आहे."

हे ऐकून भावजय पुढे आली. दिराचा हात तिने बाजूला सारला आणि स्वतःचा ठेवला. ठेवला तशी ती दचकलीच. "अहो, अंग नुसतं भाजतंय यांचं!" ती ओरडली आणि डॉक्टरला फोन करायला बाहेर धावली.

धाकटा दादाकडे बघत राहिला. "दादा, म्हणजे त्या दिवशी पण..."

दादाने बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तो उठून स्वयंपाकघरात गेला. चुलीवर पाण्याचं पातेलं खळखळ उकळत होतं. त्याने तळहात पँटला पुसला आणि पातेल्याला लावला.

हात ठरला.