नानांनी दाराला कडी बसवू दिली नाही

दोन झडपांचं लोखंडी दार मी केलं.
आठ खिडक्या मी केल्या. सहा एमएमचे गज, एकसारख्या अंतरावर.
बाकडी, स्टेज, झेंड्याचा पाइप, पाळणे टांगायचे हूक. सगळं या हातांनी.

वेल्डिंग मला कोणी शिकवलं नाही. डोळे सुजवून घेऊन शिकलो.
जळगावात मार्केट यार्डामागे आमचं कामगार भवन उभं आहे. एक बिजागरी सैल झालेली नाही.

आज नाना गेले.

सकाळपासून फेसबुकवर 'समाजवादी चळवळीचा दीपस्तंभ' वाचतोय.
नाना दीपस्तंभ वगैरे नव्हते. अत्यंत हट्टी माणूस होते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाना मूळचे साक्रीकडचे. मास्तरकी सोडून ऐंशीच्या सुमारास जळगावात आले आणि डाळमिलमधल्या बायांची संघटना बांधली.
तेव्हा बाई बाळंत झाली की काम गेलं. आठवड्याची सुट्टी म्हणजे मालकाची मर्जी.
आज त्याच मिलमध्ये बायांना पगारी सुट्टी मिळते. त्यांच्या सुनांना वाटतं, हे सरकारनं आपणहून दिलं.

चौऱ्याऐंशी साली श्रमदानानं भवन उभं राहिलं. हमालांनी विटा वाहिल्या, बायांनी पाणी मारलं.
दार बसवायला गेलो तेव्हा नाना समोर येऊन उभे राहिले. कडी-कोयंड्यावर बोट ठेवलं.

"हाई काय शे?"

कडी आहे, म्हटलं. कुलूप लावायला. आत सतरंज्या आहेत, पंखे आहेत, पुस्तकं आहेत.

"हाई घर बठ्ठासनं शे, भाऊ. काढी टाक."

सगळ्यांचं घर, मग कडी कशाला. हॅकसॉनं कापली. घासली. वरून रंग दिला.
मनात म्हटलं, आठवड्यात पंखे जातील.

एक सतरंजीसुद्धा गेली नाही.
कारण भवन कधी रिकामंच नसायचं. दिवसा बायांच्या पोरांचं पाळणाघर. ते जैतूनआपा चालवायच्या, त्याही मिलमध्ये डाळ निवडूनच म्हाताऱ्या झालेल्या.
संध्याकाळी अभ्यासवर्ग. मी सातवी नापास. भांडवल म्हणजे काय, ते त्या बाकड्यांवर बसून शिकलो. माझ्याच बाकड्यांवर.
रविवारी लग्नं. हुंडा नाही, बँड नाही, दोन हार आणि चहा-चिवडा. सोनगीरच्या एका मुलीच्या घरून कोणीच आलं नाही, तेव्हा तिच्या आईच्या जागी आपा उभ्या राहिल्या.

तर कुलूप नको, हे नानांचं बरोबर होतं.

चुकलं ते पुढे. भवन कोणाच्या नावावर करायचं, हे त्यांनी शेवटपर्यंत ठरू दिलं नाही. ट्रस्ट करा म्हटलं की म्हणायचे, मालकी आली की भांडण आलं.

नाना, भांडण मालकीशिवायही आलं.

नव्वदनंतर संघटना फुटली. एक गट सत्तेच्या बाजूला गेला, दुसरा तत्त्वाच्या. म्हणजे असं दुसरा गट म्हणायचा.
शेवटच्या एकत्र बैठकीत ठरावात 'फूट' लिहायचं की 'विचारभेद', यावर अख्खी दुपार गेली.
भवनाचं काय करायचं, हे आयत्या वेळच्या विषयांत होतं. ती वेळ आलीच नाही.

आणि नाना काय करत होते?
धुळ्याला जाऊन आत्मक्लेश उपोषणाला बसले. मालकांविरुद्ध नाही, गटांविरुद्ध नाही. स्वतःविरुद्ध.

एसटी पकडून धुळ्याला गेलो. म्हटलं, उठा, दोन्ही गट भवनावर टपलेत, कुलूप लागलं तर बायांची पोरं कुठे जातील?
पडल्या पडल्या म्हणाले, "माझ्याच संस्कारात काही कमी राहिलं असेल, भाऊ."

संस्कार.
इथे पोरं रस्त्यावर यायची वेळ आली आणि हा माणूस संस्कार मोजत पडलेला.

परत आलो तर आपा दारातच बसलेल्या. एका गटानं कडी बसवायला वेल्डर धाडला होता, बायांनी त्याला वाटेला लावलं होतं.
"मैंने बोला उसको, पहले ये बच्चों को वेल्ड कर, फिर दरवाजा कर."

मग ते माझ्याकडे आले. दोन्ही गट, एकाच दिवशी, वेगवेगळे.
दार ज्यानं केलं त्यानंच हात लावला तर बाया गप्प बसतील, हा हिशोब.
दोघंही मला 'साथी' म्हणाले. दोघंही म्हणाले, कडी तात्पुरती आहे.
मी नाही म्हटलं, तर एकानं सुनावलं, "तू लोखंडातला माणूस. तुला राजकारण काय कळतं?"
मी म्हटलं, "लोखंडच कळतं. आत पोरं असलेल्या दाराला बाहेरून कडी लावत नाहीत."

आणखी वर्षभर भवन उघडं राहिलं.
मग प्रकरण कोर्टात गेलं. दाराच्या गजांतून साखळी ओवून सील ठोकलं. साखळीला कडी लागत नाही.
पाळणाघर लिंबाखाली गेलं आणि पावसाळ्यात बंद पडलं. आपा त्यानंतर फार जगल्या नाहीत.
दावा अजून चालूच आहे.

आज त्या बंद दारासमोर दोन्ही गटांनी नानांच्या फोटोला हार घातला. अर्थात वेगवेगळ्या वेळी.
दोघांच्याही पोस्ट बघितल्या. लाइक केलं नाही.

नाना, तुमच्यावरचा राग गेलेला नाही. राहू दे. माझ्यासारख्याला माणसात आणलं तेही तुम्हीच.
या आता.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. सांगितली असती तर तुम्ही पुन्हा उपोषणाला बसला असता.

कडी-कोयंडा बसवायची माझी मजुरी तेव्हा चाळीस रुपये होती.
सत्तावाल्यांनी मला पाच हजार देऊ केले होते.
तत्त्ववाल्यांनी सात.