उचगावच्या टोकाला कोण उभं होतं?

या पानावर येणारे अनुभव मी नेमानं वाचतो आणि नेमानं हसतो. पिंपळाखाली बाई दिसली, वळून बघितलं तर पाय उलटे... असलं काही माझ्याकडे नाही. मी बी.कॉम. आहे. अख्ख्या भावकीत पहिला. बा गूळ मार्केटात हमाल होता, सही करायची वेळ आली की अंगठा पुढं. घरात कुणी आजारी पडलं की आधी अंगारा आणि मग डॉक्टर, हा क्रम मी भांडून उलटा केलाय. त्यामुळं ज्याला मला अडाणी किंवा घाबरट म्हणायचं असेल त्यानं पुढं वाचूच नये. जे घडलं ते भर दिवसा घडलं. त्याची भीती मला तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. राग मात्र येतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. उचगावजवळ हायवेवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. मोठा रस्ता उकरलेला, एका अंगाला पुलाच्या पायाचे खड्डे, दुसऱ्या अंगाला मातीचा ढिगारा, आणि मधून एकच गाडी जाईल एवढा कच्चा रस्ता. तोही मध्येच वळलेला. त्यामुळं या टोकाचा माणूस त्या टोकाला दिसायचा नाही. मोबाईल फक्त साहेबाकडं. आमच्याकडं होतं एक दांडकं.

हे दांडकं नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. हातभर लाकूड, तांबडा रंग दिलेलं. सगळ्या कामावर एकच. ज्याच्या हातात दांडकं त्यानंच गाड्या सोडायच्या. एक खेप सोडून झाली की शेवटच्या गाडीकडं दांडकं द्यायचं, ती गाडी ते पलीकडच्या झेंडेवाल्याला पोचवणार, मग तो त्याच्या बाजूच्या गाड्या सोडणार. दांडकं आलं नसेल तर मंत्र्याची गाडीसुद्धा उभी ठेवायची. उसाचे दिवस होते. दोन भरलेल्या ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळणावर एसटीच्या समोर आला तर मागं कोण सरणार? कुणीतरी खड्ड्यातच जाणार.

शहराकडच्या टोकाला मी. हुद्दा ट्रॅफिक सुपरवायझर, पण माणसं कमी म्हणून मीच झेंडा धरून उभा. उचगावच्या टोकाला संभा.

संभा माझ्याच गल्लीतला. शाळा एक, कॉलेज एक. कॉलेजात तो कँटीनला बसायचा आणि वर्गात त्याचा नंबर आला की मी आवाज बदलून ‘येस सर’ म्हणायचो. दुसऱ्या वर्षी त्यानं कॉलेज सोडलं. मला ही नोकरी लागल्यावर साहेबाच्या मागं लागून त्यालाही मीच चिकटवला. ‘त्याची जबाबदारी माझी’ — हे माझेच शब्द.

चारचाकी असेल तर दांडकं मी बाहेरच्या आरशाला सुतळीनं बांधून द्यायचो, म्हणजे ड्रायव्हर विसरत नाही. गाठ बाची. गुळाच्या पोत्याला मारायचा तो ती. कितीही हिसका बसला तरी सुटत नाही, पण बरोबर ते टोक ओढलं की एका दमात सुटते. संभाला मी कितीदा शिकवायला गेलो! त्याचं ठरलेलं उत्तर — “हमाली तुझ्या घरात हाय लगा, माझ्या न्हाय.” आणि ड्रायव्हरच्या मांडीवर दांडकं टाकून मोकळा.

त्या दिवशी बुधवार होता. सकाळी पहिली खेप मी सोडली. थोड्या वेळानं तिकडची खेप आली, सगळ्यात शेवटी दुधाचा टँकर. त्याच्या आरशाला दांडकं बांधलेलं. आणि गाठ... बाची. टोक ओढलं, सुटली. मला बरं वाटलं. म्हटलं, शिकला एकदाचा.

दिवसभर असंच. काम इतकं सुरळीत कधीच चाललं नव्हतं. एरवी रोज दोन-चार भांडणं ठरलेली, हॉर्नचा कालवा ठरलेला. त्या दिवशी काही नाही. दुपारी एका एसटीच्या ड्रायव्हरनं माझ्याजवळ गाडी हळू केली आणि खिडकीतून हसत म्हणाला, “काय सायेब, तिकडं बी तुमीच, हितं बी तुमीच? कंपनीनं डबल ड्युटी लावली काय?”

“जुळी हाय आम्ही,” मी म्हटलं. पुढच्या सीटवरच्या बायका हसल्या.

मग एक वडापवाला, जीप अशी गच्च भरलेली की दोघं मागं लोंबकळतायत, तो म्हणाला, “आज तिकडचं पावणं कायच बोलंना झालंय की ओ. शिवी दिली तरी वळून बघंना.” मला वाटलं, आदल्या रात्रीची उतरली नसेल.

दिवस मावळायच्या आत पाळी बदलायला माणसं आली. मी म्हटलं, चला, आज संभाला च्या पाजू, गाठ शिकला म्हणून. त्याच्या जागी उभं राहणाऱ्या माणसाबरोबर चालत पलीकडं गेलो.

गाड्या ओळीत थांबलेल्या. झेंडा वाळूच्या ड्रममध्ये खोवलेला. दांडकं बॅरिकेडला बांधलेलं, त्याच गाठीनं. माणूस नाही. सगळ्यात पुढं थांबलेल्या ट्रकवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, “आत्ता तर हुता की हितंच.” त्या टोकाला चहा विकणाऱ्या अक्काची टपरी बंद झाली होती.

मी तसाच संभाच्या घरी गेलो. त्याची आई दारातच बसलेली, खुशीत. “संभा? त्यो सकाळी तांबडं फुटायच्या आधीच गगनबावड्याला गेलाय की. पोरगी बघाय. तुला बोलला न्हाय व्हय?”

नाही. मला बोलला नव्हता.

त्या रात्री मला कोण उभं होतं हा प्रश्न फारसा पडलाच नाही, खोटं कशाला सांगू. असेल गावातला कुणीतरी. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीवर. टोक मोकळं सोडून हा गेला. एखादी एसटी खड्ड्यात गेली असती तर? आणि सुट्टी मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं काय? सकाळी मी सरळ साहेबापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं.

साहेबानं संभाला बोलावलं. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, “मी दिवसभर जाग्यावरच हुतो सायेब. काल एक तरी लफडं झालं काय? कोण नसतं तर दांडकं ह्याच्याकडं पोचलं कसं? ह्येलाच इचारा.”

साहेबानं मला विचारलं, “दांडकं येत होतं?”

“येत होतं, पण—”

“वेळेवर?”

“वेळेवर.”

मग अक्काला बोलावलं. अक्का सीमाभागातली, लिंगायत. तिची टपरी उचगावच्या टोकालाच, आणि मी गेलो की “ये तम्मा”, म्हणजे धाकट्या भावा, म्हणून पहिला कप मला. मला वाटलं, आता सुटलो. साहेबानं विचारलं, “काल तिथं माणूस होता का नव्हता?”

“व्हता की,” अक्का म्हणाली. “दिवसभर व्हता, बसला सुदीक न्हाई. ह्योच की...” आणि तिनं आम्हा दोघांच्या दिशेनं हात केला.

“बास. जा तुम्ही,” साहेब म्हणाला.

पुढचं लवकर आटपतो. संभानं तिथंच सांगितलं की हाच ट्रकवाल्यांकडनं चहापाणी घेऊन गाड्या पुढं काढतो, आणि आपण ते सांगू म्हणून आधीच आपल्यावर आळ घेतोय. मी आयुष्यात कुणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही, अक्काचा सोडून. पण एक गोष्ट खोटी ठरली की माणसाचं पुढचं सगळंच खोटं ठरतं. मला काढलं. माझ्या जागी संभाला घेतलं.

ऑफिसबाहेर त्यानं मला गाठलं. आवाज खाली. “मला ठावंच हुतं तू सांभाळून घेशील. आन् घेतलंस की! मानूस उभा केलास, गाठ सुदीक तुझीच मारायला लावलीस म्हणं. मग सायबाकडं बोंब कशाला ठोकलीस लगा? माझं लगीन जमत आलंय.”

“मी कुणालाच उभं केलं न्हाय, संभा.”

“बरं, बरं. लई शिकलेला तू.”

त्याच्या डोळ्यांत मला खोटेपणा दिसला नाही, हे इथं लिहावंच लागेल. त्याला खरंच वाटत होतं की आधी मी त्याला वाचवलं आणि मग मीच उलटलो.

लग्नाला आमच्या घरातनं बा गेला. गल्लीतलं लग्न, जावंच लागतं म्हणाला. परत आला तो मुंडासं हातात घेऊन उंबऱ्यावर बसला. मग म्हणाला, “तुझं बी.कॉम. लाऊडस्पीकरवर पुकारलं रं त्येनी. सुपरवायझर बी पुकारलं. नाव तेवढं संभाचं हुतं.”

ज्या माणसानं पाठीवर पोती वाहून माझ्या फिया भरल्या, त्यानं ते मांडवात बसून ऐकलं आणि वर अक्षता टाकून आला.

दुसऱ्या दिवशी मी अक्काकडं गेलो. भांडायलाच गेलतो. “अक्का, माझ्या पोटावर पाय दिलासा. खोटं कशाला बोललासा?”

तिच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. “खोटं? शिवा, शिवा! मी कशाला खोटं बोलू तम्मा? माणूस व्हता का इचारलं, व्हता म्हणले.”

“कोण? संभा?”

“संभ्या कुठला? तूच की रे.”

“मी?”

“दिवसभर उनात उभा. दोनदा च्या आणून ठेवला, हात लावला न्हाईस. बोललास न्हाईस. म्हटलं, आज ह्येचं काय बिनसलंय? सायबाम्होरं तुझ्याकडंच हात केला मी. म्हटलं, पोरगं दिवसभर राबलंय, कळू दे सायबाला... आणि तुलाच काढलं!” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “माझं काय चुकलं सांग की.”



आता तुम्ही म्हणाल, जॅकेट तेच, हेल्मेट तेच, लांबून बाईची गफलत झाली. मीही तेच म्हणत होतो, बरीच वर्षं. पण अक्का लांब नव्हती, टपरी चार पावलांवर. एसटीवाल्यानं तर मला दोन्हीकडं जवळून बघितलेलं. आणि गाठ? ती बाला येते आणि मला येते. बा त्या दिवशी मार्केटात होता, मी विचारलंय. आणि मी तर माझ्या टोकावरनं पाणी प्यायलासुद्धा हललो नव्हतो. उचगावात मी घरोघर विचारलं, कुणी ‘मी होतो’ म्हणालं नाही. फुकट, उपाशी, न बोलता कोण कशाला उभा राहील दिवसभर?

पूल कधीच झाला. मी आता एका पतसंस्थेत आहे, बरं चाललंय. उत्तर मात्र मिळालेलं नाही, आणि मिळेल असंही वाटत नाही. तो तिथं नसता तर कदाचित वळणावर माणसं मेली असती, हे मला मान्य आहे. पण तो नसता तर गाड्या सकाळीच तुंबल्या असत्या आणि संभा उघडा पडला असता, हेही तितकंच खरं. मला न विचारता, माझं तोंड घेऊन, माझ्या बाची गाठ मारून त्यानं संभाची हजेरी लावली. आणि संध्याकाळी मी पोचायच्या आत निघून गेला. साहेबापुढं उभं राहायची वेळ आली तेव्हा मी एकटाच होतो.

संभा अधूनमधून दिसतो. तो हात करतो, मी करत नाही. त्याला मी माफ केलेलं नाही... आणि त्या दुसऱ्यालाही न्हाय.