मुरुडची शरणम्मा

लातूरजवळच्या मुरुडच्या बसस्टँडसमोर रामलिंगचं ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. तिथे गल्ल्यावर बसणाऱ्या त्याच्या बायकोचं माहेर पोलंड, आणि माहेरचं नाव आग्न्येष्का. लग्नात तांदळाच्या ताटात नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिच्या सासूबाईंनी, म्हणजे शांतम्मांनी, ते तीनदा म्हणून बघितलं. तिन्ही वेळा जीभ अडकली. शेवटी त्यांनी आपल्या आजेसासूचं नाव देऊन विषय मिटवला. तेव्हापासून ही तांबड्या केसांची, घाऱ्या डोळ्यांची, अंगभर तांबूस ठिपक्यांची पावणेसहा फुटी बाई शरणम्मा झाली.

मुरुडची माणसं वाईट नाहीत, त्यांना फक्त बघायला आवडतं. जेसीबी खड्डा खणत असेल तर ती दोन तास बघतात. इथे तर सबंध गोरी बाई भाकरीला ज्वारी निवडून घेत होती. पहिलं वर्ष शरणम्मानं मान खाली घालून काढलं. बाजारातून आली की न्हाणीघरात जाऊन रडायची आणि तोंड धुऊन बाहेर यायची. दुकानात मात्र गर्दी वाढली. लांबलांबचे शेतकरी तिला बघायला यायचे आणि नुसतं बघून जाणं बरं दिसत नाही म्हणून पाइपाचे दोन जॉइंट घेऊन जायचे. रामलिंगला यात काही वावगं वाटत नव्हतं. नवरे असेच असतात.

दुसऱ्या वर्षी तिला गोम कळली. मुरुडकरांचं बघणं ही नुसती सुरुवात असते. खरा रोख पुढच्या चौकशीवर असतो. गाव कोणतं, सोयरे कुठले, लेकरं किती, नसली तर का नाहीत. एकदा लातूरहून एसटीनं येताना समोरच्या सीटवरचा एक फेटेवाला मागे वळून तिच्याकडे टक लावून बसला. अर्ध्या वाटेत शरणम्माचा पारा चढला.

"काका, गाव कुठलं?" तिनं विचारलं.

फेटेवाला दचकला. "आँ? मी... हितलंच की."

"लेकरं किती? थोरल्याचं लगीन झालंय का? न्हाई? का बरं झालं न्हाई? वय काय त्याचं? पगार किती हाय?"

सगळी बस आता फेटेवाल्याकडे बघायला लागली. चौतिशीचा बिनलग्नाचा पोरगा चव्हाट्यावर आल्यामुळे बिचारा एक थांबा आधीच उतरून गेला. त्या दिवसापासून नजर लागली की शरणम्मा आधी तोंड उघडायची. अर्ध्या मुरुडची वंशावळ तिला पाठ झाली.

एक नजर मात्र तिला जड गेली. उन्हाळ्यात तिच्या हातांवरचे ठिपके वाढायचे आणि मधली कातडी आणखीच पांढरी दिसायची. भाजीवाल्या भामाबाईनं एकदा मेथीची जुडी देता देता तिचा हात धरला.

"बाई, अंगावर पांढरं फुटलंय का गं?"

"पांढरी मी जन्मापासनं हाय, मावशी. फुटलेत ते तांबडे ठिपके."

भामाबाईला ते पटलं नाही. "ल्हानपणी दुधावर मासे खाल्लेस का? त्यानंच होतंय कोड."

इथे शरणम्मानं चूक केली. ती खरं बोलली. तिच्या माहेरी नाताळाला सायीत घोळवलेले मासे करतात, आणि ते तिनं दरवर्षी वाटीभर खाल्ले होते. भामाबाईनं मेथी खाली ठेवली. कोड आहे हे सिद्ध झालं होतं. वर लिंगायताच्या घरची सून मासे खाल्लेली निघाली होती. संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या पेठेत पोचली.

याचा फटका बसला नणंदेला. ऋतुजाला दोन स्थळं आली आणि दोन्ही परतली. निरोप एकच, घरात पांढरं आहे म्हणतात. तिसरं स्थळ शिरूर अनंतपाळचं होतं. मुलगा सत्यम कृषी सहायक. पहिल्या दोघांच्या वेळी ऋतुजानं जुन्याच साडीवर भागवलं होतं. याचा फोटो बघून तिनं नवी साडी इस्त्रीला टाकली. शांतम्मांना ते दिसलं, आणि पाहुणे यायच्या दिवशी त्या सुनेपुढे येऊन उभ्या राहिल्या.

"शरणू, दोन घंट्यांचाच सवाल हाय. धान्याच्या खोलीत बसतीस का? भायेरून कडी लावते, चुकून कुणी उघडाय नको."

शरणम्मा "हाव" म्हणाली आणि आत जाऊन तुरीच्या पोत्यावर बसली. तिला फार लागलं. अनोळखी माणसांना उलट प्रश्न विचारता येत होते. पण जिनं हाताला धरून भाकरी थापायला शिकवलं, तिला काय विचारणार? तिला राग आला, आणि रागापेक्षा रडू जास्त आलं.

पाहुणे आले. दाराच्या फटीतून एक डोळा लावून ती बघत राहिली. मुलगा बरा होता, घाम फार पुसत होता. शेजारी त्याची आई सिंधुबाई. तिनं मे महिन्याच्या उकाड्यात दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. ऋतुजानं पोहे पुढे केले तरी हात बाहेर येईनात. आमच्या घरचं हिला चालत नाही वाटतं, गेलं हेही स्थळ, असं शरणम्माला वाटलं.

तेवढ्यात सिंधुबाईनं विचारलं, "तुमची सून दिसंना?"

"माहेरी गेलीय," शांतम्मा म्हणाल्या.

"पोलंडला?"

"हाव. येईल की चार-आठ दिवसांत."

सिंधुबाईचा चेहरा पडला. "मला तिलाच बघायचं होतं. सत्यमनं ह्याच्या आधी पाच पोरी बघितल्या, मला कुणी नेलं न्हाई. आमच्या घरची मानसं म्हणत्यात, तू आलीस तर जमायचं न्हाई. मग कळालं, मुरुडला एक घर हाय, तिथं अंगावर कोड असलेली सून दुकानात गल्ल्यावर बसती. सत्यम म्हणाला, अव्वा, ह्या घरी तू चल." आणि तिनं हात पदराबाहेर काढले. मनगटापर्यंत पांढरे झालेले.

मग ऋतुजा उठली, इस्त्रीची साडी सावरत सरळ धान्याच्या खोलीपाशी गेली आणि तिनं कडी काढली.

"वैनी, भायेर ये."

शरणम्मा डोळे पुसत बाहेर आली. तुरीचा भुसा तिच्या केसांत अडकला होता. सिंधुबाईनं तिला हाताला धरून शेजारी बसवलं, तिचा हात आपल्या हाताशेजारी ठेवला आणि बराच वेळ निरखला. त्या बघण्याचा शरणम्माला मुळीच राग आला नाही.

"अगं, तुला कोड कुठं हाय? हे नुसते ठिपके हायेत."

"न्हाई, मावशी. मला कोड न्हाई."

"मग तुला कोंडलं कशापायी?"

शरणम्मा केसांतला भुसा काढत बसली. सगळे शांतम्मांकडे बघायला लागले. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"माझ्या लेकीपायी मी सुनेला कडी लावली," त्या म्हणाल्या. "लई चुकलं माझं. आता तुम्ही न्हाई म्हणलाव तर मी काय बोलणार न्हाई."

सिंधुबाईनं पोह्यांची बशी उचलली आणि उघड्या हातानं पहिला घास घेतला.

"पोरगी पसंत हाय," ती म्हणाली. "पण लग्नात मी म्होरं बसणार. आन् ही माझ्या शेजारी."